दोन बसमधलं अंतर

तिचं खरं नाव घरात कुणी फारसं वापरलंच नाही. लहानपणी ती उठल्यापासून झोपेपर्यंत प्रश्न विचारायची, म्हणून वडील तिला ‘चौकशी’ म्हणू लागले. बस स्टँडवरच्या खिडकीवर पाटी असते ना, तीच चौकशी. फरक एवढाच, की त्या खिडकीपाशी लोक विचारायला जातात आणि आमची खिडकी स्वतःच लोकांना विचारत फिरते, असं वडील पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे आणि आई कपाळाला हात लावायची. पुढे ती स्थापत्य अभियंता झाली, लग्न होऊन सासरी आली, पण नाव काही सुटलं नाही. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं सासूबाईंना विचारलं, “आपल्या जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच का आहे?” सासूबाई कित्येक वर्षं त्या पायरीला ठेचकाळत होत्या आणि दर वेळी चपलेला दोष देत होत्या. त्यांनी खाली जाऊन पायरी नीट बघितली, वर आल्या आणि त्या दिवसापासून त्याही सुनेला चौकशीच म्हणू लागल्या.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं चौकशी एका सल्लागार कंपनीत रस्त्यांचे नकाशे काढायची. काम तिला आवडायचं, पण तिथे विचारायची सोय नव्हती. “रस्ता कुठून कुठे जाणार ते वरून ठरून येतं,” साहेब म्हणायचे, “आपण फक्त रेघ मारायची.” मग मुलगी झाली. ती लहानपणी सारखी आजारी पडायची, त्यात नोकरी सुटली. मुलगी जरा मोठी झाली की बघू, असं म्हणता म्हणता चौकशी नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागली आणि तिथेच रुळली. पंधरा-सोळा वर्षं गेली. वाईट गेली असं ती कधी म्हणाली नाही. नवरा थट्टेखोर होता, दुकान चांगलं चालायचं आणि दिवसभर नवी नवी माणसं येत असल्यामुळे विचारायला कुणी ना कुणी असायचंच.

रोज सकाळी घरचं आटोपून ती लाँड्रीसमोरच्या बस थांब्यावर उभी राहायची. नवरा स्कूटरवरून आधीच पुढे गेलेला असायचा. बस यायची नाही म्हणजे यायचीच नाही. रस्त्याकडे वाकून वाकून लोकांच्या मानेला रग लागायची. मग एकदाची वळणावर बस दिसायची आणि तिच्या पाठीला अगदी खेटून दुसरी! पहिली इतकी भरलेली, की दारातली माणसं पोट आत ओढून उभी. दुसरीत चार-दोन उतारू खिडकीशी पेंगत बसलेले. थांब्यावरचे लोक चरफडायचे, कुणाला तरी शिव्या घालायचे, चढायचे आणि विसरून जायचे. चौकशी मात्र विसरायला तयार नव्हती.

तिनं ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, “ट्रॅफिक.” डेपोत जाऊन साहेबांना विचारलं. तेही म्हणाले, “ट्रॅफिक.” शेवटी नवऱ्याला विचारलं.

“ट्रॅफिक असेल गं,” नवरा म्हणाला.

“ट्रॅफिक तर दोघींनाही लागतो. मग पहिली मागे का पडते आणि दुसरी तिला येऊन का चिकटते? आणि रोजच्या रोज? दोघींनी आपसात ठरवलंय का?”

नवऱ्यानं समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवला आणि विचारलं, “आता खालची ओळ दिसते का?” उत्तर नसलं की तो गिऱ्हाइकाकडे वळायचा, ही त्याची जुनी सवय होती.

त्याच सुमारास गावातल्या वाचनालयात इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका प्राध्यापकाचं व्याख्यान होतं. विषय होता शहराची वाहतूक. ऐकायला माणसं बोटावर मोजण्याइतकी आली होती आणि त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला. व्याख्याता तरुण होता, सडपातळ, बोलताना सारखा बाही वर करणारा. व्याख्यान संपल्यावर चौकशीनं हात वर केला आणि तो जो वर राहिला तो राहिलाच. एकेक करत लोक निघून गेले, शिपायानं पंखे बंद केले, तरी तिचे प्रश्न चालूच.

“हे बघा,” शेवटी प्राध्यापक म्हणाले, “बस अशा जोडीनं का येतात हे बऱ्यापैकी माहीत आहे. त्यावर उपाय काय, हे मात्र अजून नीट माहीत नाही. काम व्हायला हवं.”

“मग करा ना!”

“विद्यार्थी मिळत नाहीत. सगळ्यांना पूल बांधायचे असतात.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि सुटका करून घ्यायला म्हणून बोलून गेले, “तुम्हीच का येत नाही?”

चौकशीनं ते मनावर घेतलं.

घरी सांगितल्यावर नवरा आधी खो-खो हसला. “लोकांना चाळिशी लागली की ते माझ्याकडे येतात,” तो म्हणाला, “आणि माझी बायको चाळिशी लागल्यावर कॉलेजात निघाली.” पण दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना त्यानं तिच्यासाठी वाचायचा चष्मा करून आणला, हलक्या फ्रेमचा, आणि तिच्या उशाशी ठेवला. लेक तेव्हा नुकतीच संगणकाच्या अभ्यासक्रमाला लागली होती. तिला एकच काळजी. “आई, आपलं कॉलेज एकच आहे. कँटीनमध्ये मला हाक मारायची नाही.” सासूबाईंनी मात्र विचार करायला दोन दिवस घेतले आणि मग आपली अट सांगितली. “घरचं मी बघते. पण तिकडे जे शिकशील ते मला समजेल असं सांगायचं. नाहीतर मी उगाच कशाला पहाटे उठू?”

प्रवेश परीक्षा, मुलाखत वगैरे सगळं पार पडून ती पदव्युत्तर वर्गात जाऊन बसली. वर्गातली पोरं लेकीच्या वयाची. पहिल्या दिवशी एका मुलानं अदबीनं विचारलं, “मॅडम, हजेरी आत्ता घेणार की शेवटी?” “मलाही तेच विचारायचंय,” चौकशी म्हणाली आणि त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसली. मुलं ओशाळली, मग हसली. महिन्याभरात ती सगळ्यांची ताई झाली. प्राध्यापक आता तिचे सर झाले होते, पण वयानं ते तिच्याहून चांगलेच लहान, त्यामुळे तिला हाक काय मारावी हे त्यांना काही केल्या उमजेना. बरेच दिवस त्यांनी “अं... हे बघा...” वर भागवलं.

बसायला जागा मिळाली, पण अभ्यासानं तिच्या नाकी नऊ आणले. कॉलेज सोडून वीसेक वर्षं उलटली होती आणि गणित पार गंजलं होतं. संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत तिला भोपळा मिळाला नाही एवढंच. पेपर घेऊन ती घरी आली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. लेकीनं पेपर पाहिला. दहावीत आपल्या गुणपत्रिकेवरून आईनं केलेली सगळी भाषणं तिला आठवली असणार, पण तिनं ती उलट आईला ऐकवली नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, “कुठे अडलंय, दाखव.”

त्या दिवसापासून संध्याकाळी टेबलाच्या एका बाजूला लेक आणि दुसऱ्या बाजूला आई अशी शिकवणी सुरू झाली. आईला गणित हळूहळू परत जमायला लागलं, पण संगणकाची भाषा काही केल्या वळेना. एखादा स्वल्पविराम चुकला की सगळं बंद पडायचं. “एवढ्याशा स्वल्पविरामासाठी एवढा रुसवा?” चौकशी वैतागून म्हणायची. “आई, तो रुसत नाही. तू काय म्हणालीस ते त्याला कळत नाही,” लेक म्हणायची. “मग विचारावं ना त्यानं!” आई म्हणायची.

सासूबाईंच्या अटीप्रमाणे त्यांचा तासही त्याच टेबलावर व्हायचा. एकदा चौकशीनं दुकानातून चष्म्यांची रिकामी घरं आणली, त्यांच्या बसगाड्या केल्या, शिवणाच्या डब्यातली बटणं काढून टेबलाच्या कडेनं थांब्या-थांब्यावर मांडली.

“ही पुढची बस. हिला एका सिग्नलला जरा उशीर झाला. अगदी जरासा. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर दोन माणसं जास्त जमली. त्यांना चढायला वेळ लागला, म्हणजे अजून उशीर. त्याच्या पुढच्या थांब्यावर अजून माणसं. ही भरत चालली आणि मागे पडत चालली. आता मागचीकडे बघा. हिच्या वाट्याची माणसं पुढचीनं आधीच उचलली. हिला थांबायचं कारणच नाही. ही आपली मोकळी, सुसाट.” आणि मागचं घर पुढच्या घराला जाऊन टेकलं.

सासूबाईंनी ती दोन घरं स्वतःच्या हातानं पुन्हा मागेपुढे सरकवून पाहिली. “म्हणजे राबणारी राबतच राहते,” त्या म्हणाल्या, “आणि मागची हात हलवत येते. अगं, ही तर माझी आणि माझ्या धाकट्या जावेची गोष्ट आहे!”

“यात मागचीचा दोष नसतो, आई.”

“तेच ती पण म्हणायची.”

दोन वर्षांत पदव्युत्तर पदवी मिळाली. पण प्रश्न काही सुटला नव्हता, म्हणून त्याच विषयावर तिनं पीएचडीला नाव नोंदवलं. सर आता तिला ‘मॅडम’ म्हणायला लागले होते. ती त्यांची पहिलीच पीएचडीची विद्यार्थिनी होती, त्यामुळे दोघांनाही सगळं सारखंच नवं होतं.

त्यांनी पहिला उपाय ठरवला तो असा. एखादी बस पुढच्या बसच्या फार जवळ आली, तर तिला मधल्या एका थांब्यावर थोडा वेळ थोपवून धरायचं. पुढची लांब गेली की मग सोडायचं. कागदावर हे झकास दिसत होतं, संगणकावर त्याहून झकास. बस खात्यानं बऱ्याच हेलपाट्यांनंतर एका मार्गावर प्रयोग करायची परवानगी दिली. थोपवायची जागा ठरली वाचनालयाचा थांबा.

प्रयोगाच्या पहिल्या दिवशी चौकशी एका बसमध्ये मागच्या बाकावर बसली. या बसचा ड्रायव्हर भरघोस मिशांचा होता, आणि त्याला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. “बाई, मी आजवर बस चालवायचा पगार घेतला,” तो म्हणाला, “थांबवायचा नाही.” तरी वरचा हुकूम होता. वाचनालयाच्या थांब्यावर त्यानं बस उभी केली, इंजिन बंद केलं, हाताची घडी घातली आणि समोर बघत बसला.

पहिली दोन मिनिटं शांततेत गेली. मग कुणीतरी विचारलं, “काय झालं?” कुणीतरी म्हणालं, “बिघडली वाटतं.” समोर पुढची बस डोळ्यांदेखत दूर चालली होती. ते पाहून मात्र लोकांचा तोल सुटला. “अहो, ती बघा गेली! तुम्ही काय बसलाय?” “आमच्या नोकऱ्या आहेत!” “चहा प्यायला थांबलाय का?” आणि या सगळ्या गलक्यात पुढच्या बाकावरून एक खणखणीत आवाज उठला.

“मला दातांच्या डॉक्टरांकडे वेळेवर पोचायचंय! चांगली चालती बस उभी करून ठेवायची ही अक्कल आहे तरी कुणाची? कोण तो दीडशहाणा? समोर आणा त्याला!”

तो आवाज चौकशीच्या चांगल्याच ओळखीचा होता. ती बाकावर जमेल तेवढी खाली सरकली. पण मिशीवाला ड्रायव्हर याच क्षणाची वाट बघत असावा. त्यानं वळून बोट दाखवलं. “त्या बघा. शेवटच्या बाकावर बसल्यात. त्यांचीच अक्कल.”

सगळी बस मागे वळली. पुढच्या बाकावरून सासूबाईही वळल्या. चौकशीला वाटलं, आता धरणी दुभंगेल तर बरं. सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा चवताळलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि एका क्षणात बाजू बदलली.

“ओरडताय काय सगळे?” त्या लोकांवर कडाडल्या. “शिकलेली बाई आहे ती! काहीतरी कारण असेल म्हणूनच थांबवली असेल ना! जरा दम धरा!”

“आजी, आत्ता तर तुम्हीच...”

“मी घरची आहे. मी बोलेन. तुम्ही नाही बोलायचं.”

बस सुटली. चौकशी पुढे जाऊन सासूबाईंच्या शेजारी उभी राहिली. सासूबाईंनी खिडकीबाहेर बघत, ओठ न हलवता बजावलं, “घरी ये, मग सांगते.”

घरी आल्यावर जे सांगितलं ते अगदी थोडक्यात होतं. “चौकशी, तू टेबलावर बटणं मांडलीस ना, ती सगळी थांब्यावरची होती. चष्म्याच्या घरांच्या आत एकही बटण नव्हतं.”

महिनाभराच्या प्रयोगाचे पहिले दोन आठवडे पार पडले. पुढच्या दिवसांतही शिव्या मिळाल्या, पण आकडे मात्र सुरेख आले. बस जोडीनं येणं निम्म्याहून कमी झालं होतं. सर भलतेच खूश. त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडला आणि आलेख भिंतीला लावला. एका मोठ्या परिषदेला लेख पाठवायची मुदत तोंडावर आली होती.

“सर,” चौकशी म्हणाली, “या आलेखात थांब्यावर उभी असलेली माणसं आहेत. बसच्या आत बसलेली कुठे आहेत?”

“ती प्रवासात आहेत. त्यांचा वेळ थांबण्यात धरत नाहीत. सगळे असंच मोजतात.”

“मग माझ्या सासूबाई कुठे गेल्या?”

सरांना हा प्रश्न समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “मॅडम, आकडे खोटे आहेत का?”

“नाहीत. अर्धे आहेत.”

“सगळं मोजायला लागलो तर हा लेख जाणार नाही. आणि पुढची संधी कधी येईल सांगता येत नाही. माझंही बढतीचं वर्ष आहे.” एवढं बोलून त्यांनी बिस्किटांचा पुडा बंद केला. सरांनी पुडा बंद केला म्हणजे बोलणं संपलं, हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं.

चार-पाच दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. चौकशीला वाईट वाटत होतं. या माणसानं आपल्याला दार उघडून दिलं आणि आपणच त्याच्या घासात खडा टाकला, असं तिच्या मनात येत होतं. पण बसमधल्या लोकांचे चेहरे काही डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मग एका सकाळी सर विभागात उशिरा आले. बाही वर करायचंही भान नव्हतं. “मी आज त्या बसनं आलो,” ते म्हणाले. “वाचनालयापाशी थांबलो होतो. एका बाईंनी मला विचारलं, तुम्ही कॉलेजात आहात ना, मग हे थांबवणारे लोक तुमच्या ओळखीचे असतील. मी नाही म्हणालो.” ते खुर्चीत बसले. “खोटं बोललो मी. कारण त्या थांबवणाऱ्यांचा मलाच इतका राग आला होता. लेख पाठवायचा नाही. पुन्हा मांडू सगळं.” आणि त्यांनी बिस्किटांचा पुडा तिच्यापुढे सरकवला.

पुन्हा मांडणं सोपं नव्हतं. आता थांब्यावरची आणि बसमधली, दोन्हीकडची माणसं धरायची होती. एकीकडे सोय केली की दुसरीकडे गैरसोय व्हायची. संगणकावरचे प्रयोग एकामागून एक तोंडावर आपटत होते. एकदा तर तिच्या हातून अशी काही चूक झाली, की पडद्यावरच्या सगळ्या बस एकाच थांब्यावर येऊन दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. प्रत्येक बस दुसरीला “तू आधी जा” म्हणत होती आणि कुणीच हलत नव्हतं. लेक हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. चौकशीला मात्र रडू आलं. वर्ष उलटत आलं होतं आणि हातात काही नव्हतं.

पण त्या रुसून उभ्या राहिलेल्या बसकडे बघता बघताच तिच्या ध्यानात आलं, की आपण फार उशिरा जागे होतो. बस एकमेकींना चिकटेपर्यंत वाट बघतो आणि मग एकदम एका जागी धरून ठेवतो. त्याऐवजी अंतर जरा कमी व्हायला लागलं, की लगेच हात आखडला तर? एका थांब्यावर पाच-सहा मिनिटं नको. प्रत्येक थांब्यावर दोन श्वास जास्त. दार जरा सावकाश बंद करायचं, एखाद्या धावत येणाऱ्याची वाट बघायची. बसमधल्या माणसाला त्यात थांबल्यासारखं वाटायचंच नाही. आणि मागची फार मागे राहिली असेल, तर पुढचीनंही जरा दमानं घ्यायचं.

तिनं सरांना सांगितलं. सरांनी बाही वर केली, खडू उचलला आणि फळ्यावर गणित मांडायला घेतलं. मधेच अडले तिथून तिनं पुढे नेलं, ती अडली तिथून त्यांनी. शिपाई दोनदा येऊन दारातून डोकावून गेला. गणित सुटलं तेव्हा दोघांच्या कपड्यांवर खडूची पूड होती.

दुसऱ्या प्रयोगासाठी प्रत्येक ड्रायव्हरसमोर हाताच्या पंजाएवढा पडदा बसवला. त्यावर मधोमध आपली बस, पुढची किती पुढे आणि मागची किती मागे. हिरवं दिसलं की नेहमीसारखं चालायचं, पिवळं दिसलं की पुढच्या थांब्यावर जरा सावकाश. बाकी सगळं ड्रायव्हरवर सोपवलेलं. मिशीवाल्यानं पडद्याकडे संशयानं पाहिलं. “हे माझ्यावर पाळत ठेवायला आहे का?”

“नाही हो. तुम्हालाच पुढचं-मागचं दिसावं म्हणून.”

पहिले दोन दिवस त्यानं पडद्यावर आपला रुमाल वाळत घातला. तिसऱ्या दिवशी रुमाल काढला. आठवड्याभरानं तो इतर ड्रायव्हरांना पडदा कसा वाचायचा ते शिकवत होता आणि पुढच्या बसवरचा त्याचा भाऊबंद सावकाश जात असला की डेपोत त्याची मनसोक्त टिंगल करत होता. लोकांनी काही विचारलं नाही, कारण त्यांना काही कळलंच नाही. बस येत होती, थांबत होती, जात होती. चौकशी थांब्याथांब्यावर फिरून लोकांना विचारायची, “आता कसं वाटतं?” लोक म्हणायचे, “कशाबद्दल?” इतकं गोड उत्तर तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

तक्रार आली ती एकच. रोज सकाळी फिरायला निघणाऱ्या एका आजोबांनी तिला गाठलं. “तुम्ही त्या बसवाल्या ना? काय केलंत हो हे? पूर्वी भरलेली बस सोडून दिली की मागोमाग रिकामी यायची. मी मजेत खिडकीशी बसायचो. आता सगळ्याच सारख्या भरलेल्या! म्हाताऱ्या माणसानं बसायचं कुठे?” चौकशीनं त्यांची तक्रार हसत हसत ऐकून घेतली आणि मग प्रबंधात त्यावर चक्क एक पान लिहिलं, उपायामुळे कुणाचं काय गेलं तेही सांगायला हवं म्हणून.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून एक नामांकित परीक्षक आले होते. उंच, गंभीर, हसण्याशी फारसं देणंघेणं नसलेले. सभागृहात पहिल्या रांगेत सासूबाई, त्यांच्या शेजारी दुकान बंद ठेवून आलेला नवरा, आणि मागे लेक आपल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन. जिला कँटीनमध्ये आईनं हाक मारलेली चालत नव्हती, ती आता येणाऱ्या-जाणाऱ्याला “ती माझी आई” म्हणून सांगत होती. सर कोपऱ्यात घाम पुसत होते.

परीक्षकांनी तासभर उलटतपासणी घेतली. “तुमची पद्धत मोडेल ती कुठे?” त्यांनी विचारलं. चौकशीचा चेहरा खुलला. पद्धत कशी कशी मोडते हे ती महिनोन्‌महिने बघत आली होती. मोर्चा निघाला तर मोडते, बस बंद पडली तर मोडते, ड्रायव्हरनं पडद्यावर रुमाल टाकला तर मोडते, असं ती इतक्या हौसेनं सांगत सुटली की सरांनी डोळे मिटून घेतले. शेवटी परीक्षकांनी कागद मिटले आणि जरा कुतूहलानं विचारलं, “हे काम चांगलं आहे. पण मॅडम, इतक्या उशिरा का आलात तुम्ही या क्षेत्रात?”

“सर, मी थांब्यावर वेळेतच उभी होते,” चौकशी म्हणाली. “बसच उशिरा आली.”

सभागृह हसलं. मग परीक्षकही हसले, आणि ते हसताना पाहून सरांचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. निकाल अजून सांगितलेला नाही, असं नवऱ्यानं त्यांच्या कानात सांगून पाहिलं. “तुला काय करायचंय?” म्हणत त्या वाजवतच राहिल्या.

पुढे बस खात्यानं तिला नियोजन विभागात घेतलं. आठवड्यातून एकदा ती कॉलेजात शिकवायलाही जाते. तिच्या वर्गात तास संपला तरी मुलं उठत नाहीत, अशी इतर प्राध्यापकांची तक्रार आहे. सरांची बढती एक वर्ष उशिरा झाली, पण झाली, आणि दुसऱ्या प्रयोगावरचा दोघांचा लेख त्या मोठ्या परिषदेत पहिल्याच दिवशी वाचला गेला. लेकीनं तो लेख अजून वाचलेला नाही, पण त्यातली आकृती तिनं काढलेली होती, त्यामुळे लेखाच्या शेवटी आभारात तिचं नाव आहे. ते तिनं मैत्रिणींना दाखवून झालं आहे.

सध्या चौकशी शहराला गोल फेरा मारणाऱ्या मार्गामागे लागली आहे. या मार्गाला शेवटचा थांबाच नाही. त्यामुळे एकदा चुकलेलं अंतर सुधारायला जागा मिळत नाही; चूक गोल गोल फिरत राहते. परवा सकाळी ती, सर आणि सरांची एक नवी विद्यार्थिनी अशी तिघं त्या बसमध्ये बसली. सर म्हणत होते, पिवळ्याची मर्यादा वाढवावी. नवी विद्यार्थिनी म्हणत होती, दोन ठिकाणी खोटे शेवटचे थांबे मानावेत. चौकशी दोघांनाही आलटून पालटून प्रश्न विचारत होती. वाद इतका रंगला, की बस निघाल्या जागी परत येऊन पुन्हा पुढे गेली तरी कुणाला पत्ता नाही.

शेवटी ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, “मंडळी, तुम्हाला नेमकं उतरायचंय कुठे?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“अजून एक फेरी होऊ दे,” चौकशी म्हणाली, आणि पोरीकडे वळली. “हां, तर खोटा थांबा म्हणजे नेमकं काय म्हणत होतीस तू?”